बसम्माचा मिस्ड कॉल

संघप्रिया कांबळे क्षयरोगाच्या केंद्रावर कामाला लागली तेव्हा तिच्याकडं अठरा पेशंट होते. दहा वर्षांनी, दोन हजार सात साली, ते साठाच्या वर गेले होते आणि ती मात्र एकटीच होती. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या मागच्या बोळात दोन खोल्यांचं ते केंद्र. आतल्या खोलीत लाकडी फडताळ होतं आणि त्यात प्रत्येक पेशंटच्या नावाची गोळ्यांची पेटी. पहिल्यांदा आजारी पडलेल्यांची लाल, औषध अर्धवट सोडून परत आलेल्यांची निळी. संघप्रियाला निळ्या पेट्या बघवायच्या नाहीत. निळी पेटी आली की तिला वाटायचं, आपलं कुठंतरी चुकलं.

नियम साधा होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार गोळ्या. पहिले दोन महिने पेशंटनं केंद्रावर यायचं आणि तिच्यासमोर पाणी पिऊन गोळ्या गिळायच्या. पुढचे चार महिने आठवड्यातून एकदा समोर आणि दोनदा घरी, रिकामी पाकिटं आणून दाखवायची. नियम साधा, पण माणसं साधी नव्हती. खोकला थांबला, अंगावर चार किलो मांस चढलं, की माणसाला वाटतं आपण बरे झालो. मग तो यायचा बंद होतो. मग संघप्रिया खांद्याला पिशवी अडकवून गल्लीबोळ पालथे घालायची आणि लोक दार लोटून घ्यायचे.

कृष्णात नावाचा फौंड्रीतला कामगार असाच दांड्या मारायचा. सलग दोन सोमवार तो आला नाही तेव्हा ती त्याच्या घरी गेली. तो दारातच तिच्यावर उखडला.

"बाई, तुमी दारात आलासा की सगळी गल्ली बघती. पोरीला शाळंत चिडिवत्यात."

"मग गोळ्या खा. मला काय हौस आहे होय रे इथं यायची?"

"खातोय की! इश्वास न्हाय तुमचा." तो जरा थांबला आणि त्यानं खिशातनं मोबाईल काढला. "असं करू. घरी गोळी खाल्ली की मी तुमाला मिस कॉल दितो. दोन रिंगा. तुमी उचलायचा न्हाय. मला पैसा पडाय नगो आन् तुमाला चालाय नगो."

संघप्रिया हसली. पण बुधवारी सकाळी पावणेसातला ओट्यावर ठेवलेला तिचा फोन दोनदा वाजला आणि बंद झाला. तिनं भाकरीचं पीठ लागलेल्या बोटांनी तो उचलून बघितला. कृष्णात. तिनं एक वही घेतली, त्याचं नाव लिहिलं, तारीख आणि वेळ टाकली आणि पुढं बरोबरची खूण केली.

दोन महिन्यांत त्या वहीत तीसेक नावं आली. कुणी स्वतःच्या फोनवरून, कुणी शेजाऱ्याच्या, कुणी टपरीवरच्या रुपयाच्या फोनवरून. औषधाच्या दिवशी सकाळी सहा ते दहा तिचा फोन थांबायचा नाही. तिचा नवरा सूरज एसटीच्या वर्कशॉपात होता. तो डबा भरून घेताना म्हणायचा, "तुझ्या फोनला घुंगरं बांधल्यासारखी वाटत्यात."

पण काम होत होतं, यात खोटं काही नव्हतं. दहापर्यंत ज्याचा फोन वाजला नाही तेवढ्याच्याच घरी ती जायची. आधी तीसेक दारं होती, आता चार-पाच. औषध सोडणारे कमी झाले. केंद्राचे डॉक्टर इंगवले तरुण होते, हौशी होते. त्यांनी तिची वही कॉम्प्युटरवर चढवली, रंगीत आलेख काढला आणि वरच्या ऑफिसात पाठवला. तिथून विचारणा आली की ही कल्पना कुणाची. डॉक्टरांनी लिहिलं, आमच्या कांबळेबाईंची. संघप्रियानं कृष्णातचं नाव सांगितलं होतं, पण आलेखात ते कुठं बसलं नाही.

बसम्मा पट्टणशेट्टी त्याच वर्षी जानेवारीत आली होती. तेवीस वर्षांची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा चन्नवीर तिला स्कूटरवरून घेऊन आला. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं दुकान, वर घर. घरात चन्नवीरची आई, जिला सगळे आक्का म्हणत, आणि धाकटी बहीण सौंदर्या, कॉलेजात शिकणारी. बसम्माचं माहेर संकेश्वरकडं. तिच्या मराठीत कानडी मिसळलेलं असायचं आणि घाबरली की सगळंच कानडी व्हायचं.

पहिल्या दिवशी तळहातावरच्या सात गोळ्या बघून ती म्हणाली, "अव्वा, सात? एवढ्या तर आमच्या घरात जावा न्हाईत."

"आता आल्या म्हणायच्या," संघप्रिया म्हणाली.

बसम्माला ते फार आवडलं. त्या दिवसापासून ती आली की विचारायची, "काढा की माझ्या जावा बाहेर," आणि एकेक गोळी नाव घेतल्यासारखी गिळायची. कडू तोंड करून पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढायची. त्यातला अर्धा मोडून संघप्रियाच्या टेबलावर ठेवायची. केंद्रावर येणारी माणसं बहुतेक खाली मान घालून यायची. बसम्मा आली की त्या खोलीत जरा उजेड व्हायचा.

दोन महिन्यांत तिचं वजन अडतीसवरून बेचाळीस झालं. थुंकीत जंतू दिसेनात. मार्चच्या शेवटी चन्नवीर एकटाच आला आणि उंबऱ्यात उभा राहून बोलू लागला. मऊ बोलणारा माणूस, नजर खाली.

"बाई, एक इनंती हाय. सौंदर्याला बघाय लागल्यात. चांगलं स्थळ हाय, तिकडंच, संकेश्वरच्या बाजूचं. आता हिला दर आठवड्याला ह्या बोळात आणायचं म्हणजे... कोण ना कोण बघतंय. तुमी घरी येणं बी जरा..."

"मग गोळ्यांचं काय?"

"गोळ्यांचं पाकीट मी नेतो की. रिकामं आणून दितो. आन् मिस कॉल तर हायच तुमचा. मी सोत्ता देत जाईन, तिनं खाल्ल्यावर."

संघप्रियानं बसम्माचं कार्ड काढून बघितलं. आठवड्यातली एक गोळी समोर, हा नियम होता. पण चन्नवीर सरळ माणूस दिसत होता आणि बोळातल्या नजरा तिला ठाऊक होत्या. तिनं आयुष्यभर दुसऱ्या कारणानं तसल्या नजरा सोसल्या होत्या. आणि फोनवर तिचा विश्वास बसला होता. ती म्हणाली, "चालेल."

त्यानंतर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजायचा. दोन रिंगा. एकदाही चुकला नाही. चन्नवीर आठवड्याला येऊन रिकामं पाकीट द्यायचा, भरलेलं न्यायचा. मेमध्ये थुंकी तपासायची होती तेव्हा तो डबी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरून घेऊन आला. तपासणीत जंतू सापडले नाहीत. संघप्रियानं कार्डावर तसं लिहिलं आणि तिला बरं वाटलं.

जुलैत डॉक्टर इंगवले सकाळीच हसत आले. "कांबळेबाई, पुण्याहून पाहुणे यायलेत. मिस्ड कॉलचं काम बघायचंय त्यांना. एखाद्या पेशंटशी बोलायचंय म्हणतात. चांगला बोलका बघा कोणी."

संघप्रियानं वही चाळली. बोलकं कोण, याचा विचारच करावा लागला नाही. आणि वहीत सगळ्यात भरलेली ओळही तिचीच, एकही रिकामा चौकोन नाही. घरी यायचं नाही असं ठरलं होतं, पण औषध आता संपतच आलं होतं. पाहुण्यांसमोर यायला हो म्हणते का, एवढं विचारायला काय हरकत. ती दुपारी साध्या साडीत, पिशवी न घेता शाहूपुरीत गेली.

दुकानात चन्नवीर नव्हता. वरच्या दारात आक्का आली.

"कोण पावणं?"

"मी बसम्माच्या ओळखीची. भेटायला आले होते."

"ती न्हाय हितं. माहेरी गेलीय."

"कधी येणार?"

"आता काय सांगू. पाडव्यानंतर गेलती."

पाडवा मार्चमध्ये होता. संघप्रियानं मनातल्या मनात महिने मोजले आणि पुन्हा मोजले. आक्काच्या मागं सौंदर्या येऊन उभी राहिली होती. तिनं या बाईला ओळखलं असावं, पण ती तशीच आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं संघप्रिया संकेश्वरला गेली आणि तिथून वडापच्या जीपनं, बसम्मानं बोलताना सांगितलेल्या तिच्या माहेरच्या गावी. गाव लहान होतं. बसम्माची आई गंगव्वा अंगणात शेंगा वाळत घालत होती. आतून खोकला ऐकू आला. संघप्रियाला तो खोकला दारातूनच कळला, कुणी सांगायची गरज नव्हती.

बसम्मा भिंतीला टेकून बसली होती. गाल आत गेलेले, डोळे मोठे झालेले. संघप्रियाला बघून तिचा चेहरा उजळला.

"सिस्टर! तुमी हिकडं कशा?"

"तुला बघायला आले. खोकला कधीपासून?"

"हे आता महिना-दीड महिना. पावसाची सर्दी म्हणाली अव्वा." मग तिनं आवाज बारीक केला, कारण माहेरी कुणाला काही माहीत नव्हतं. "गोळ्या संपल्या न्हवं? ह्यांनी सांगितलं, नर्सबाईंनीच बंद केल्या म्हणून. तू बरी झालीस म्हणाले."

संघप्रियाला वाटलं, हो म्हणावं. निदान आजच्या दिवस. पण ती हो म्हणाली नाही.

"मी बंद केल्या नव्हत्या, बसम्मा."

बसम्मा तिच्याकडं बघत राहिली. कानडीत काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुमी याल. एकदा तरी. मग वाटलं, येत न्हाईत म्हणजे मी बरी झालेय."

संघप्रियानं गंगव्वाला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. गंगव्वा रडली नाही. तिनं शेंगा तशाच टाकल्या, आत जाऊन लेकीचं लुगडं बदललं आणि गाडी बघायला भावाला पाठवलं.

कोल्हापुरात आणून वजन केलं तर तेहतीस किलो. थुंकीत जंतूच जंतू. तिच्या नावाची निळी पेटी फडताळात आली. पण ती नावापुरतीच, कारण बसम्माला थेट दवाखान्यात भरती करावं लागलं. रोज इंजेक्शन, रोज गोळ्या. संघप्रिया कामावरून सुटली की तिथं जायची. स्वतःच्या हातानं गोळ्या द्यायची. बसम्मा आता जावांचं नाव काढायची नाही. मुकाट्यानं गिळायची आणि डोळे मिटायची.

चन्नवीर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून असायचा. चार दिवस संघप्रिया त्याच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिनं विचारलं.

"गोळ्या कुठं गेल्या?"

"मोरीत."

"आणि ती थुंकी?"

"माझी हुती."

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं की तिला राग येता येईना. तो पुढं बोलत राहिला, जणू कुणी विचारायची वाटच बघत होता.

"ती चांगली दिसत हुती, बाई. गालावर आलती. मला वाटलं, झालं आता. आक्का म्हणाली, सौंदर्याचं ठरंस्तवर हिला माहेरी राहू दे, पावण्यांपुढं खोकली तर काय करायचं. आन् गोळ्या तिच्याबरोबर दिल्या असत्या तर तिच्या माहेरात कळलं असतं. पावणं बी त्याच भागातलं. मग म्हणलं, तीन-चार महिन्याचा तर प्रश्न हाय."

"मग मिस्ड कॉल कशाला देत होतास? सांगायचंस मला."

"न दिला असता तर तुमी घरी आला असता की."

"दर वेळी बरोबर आठ-दहाला?"

"मोबाईलात गजर लावला हुता. दुकान उघडायच्या आदी. इसरायला नगो म्हणून."

त्या संध्याकाळी संघप्रिया घरी आली आणि वही उघडून बसली. कृष्णातची ओळ तिनं बोटानं वाचली: पावणेसात, सहा पन्नास, सात पाच, एकदा चक्क सव्वानऊ, एकदा नाहीच. बाकीच्यांचंही तसंच. कुणाचं पाणी गेलं होतं, कुणाचं पोर आजारी होतं, कुणाला जाग आली नव्हती. खरी गोळी खाणारी माणसं अशीच मागंपुढं होत होती. आणि बसम्माच्या ओळीत आठ-दहा, आठ-दहा, आठ-दहा. वेळ तिनंच लिहिली होती, आपल्याच हातानं, साडेतीन महिने. जी ओळ सगळ्यात चांगली म्हणून ती पाहुण्यांना दाखवणार होती, तीच ओळ ओरडून सांगत होती. तिनं फक्त बरोबरच्या खुणा बघितल्या होत्या.

सूरज म्हणाला, "त्यानं फसिवलं. तू काय करणार?"

"त्यानं फसवलं," ती म्हणाली, "पण समोर गोळी द्यायचा नियम मी सोडला. तो त्यानं नाही सोडला."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बसम्माला रक्ताची उलटी झाली. संघप्रिया पोचली तेव्हा गंगव्वा लेकीचे पाय चोळत बसली होती, आणि ते गार झाले होते. चन्नवीर भिंतीकडं तोंड करून उभा होता. आक्का आली नाही. जंतूंवर कुठली औषधं चालतात याचा अहवाल मागवला होता, तो त्यानंतर दीड महिन्यानं आला. डॉक्टर इंगवल्यांनी तो वाचला आणि, आता उपयोग नाही म्हणून, फायलीत लावला.

पुण्याच्या पाहुण्यांची भेट लांबली होती ती सप्टेंबरात ठरली. आदल्या दिवशी डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. बसम्मासाठी त्यांनी वॉर्डात खेटे घातले होते.

"कांबळेबाई, तुमच्या कागदात काही चूक नाही. पाकिटं आली, थुंकी आली, फोन आले. नवऱ्यानं खोटेपणा केला, त्याला आपण काय करणार? ती केस आलेखातून बाजूला ठेवू. एका केसनं तीस जणांचं चांगलं झालेलं पुसलं जाऊ नये."

"पुसायचं नाही, सर. पण बाजूला पण ठेवायची नाही."

दुसऱ्या दिवशी पाच माणसं आली. आलेख दाखवून झाला, टाळ्याही झाल्या. मग तिला बोलायला सांगितलं. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. तिनं वही उघडली आणि कृष्णातच्या नावापासून सुरुवात केली, कारण कल्पना त्याची होती. मग बसम्माची ओळ वाचली, तारखा आणि वेळा सगळ्या. वाचायला बराच वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, "फोन वाजला म्हणजे फोन वाजला. गोळी पोटात गेली असा त्याचा अर्थ मी काढला. ती माझी चूक आहे. तुम्ही हे दुसरीकडं सुरू करणार असाल तर हे लिहून घ्या."

एक वयस्क बाई खरंच लिहून घेत होत्या. बाकीच्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर इंगवल्यांनी केंद्राच्या फोनवरून तिला रोज पेशंटना फोन लावायची परवानगी लेखी दिली. आता मिस्ड कॉल आला की ती त्यातले कुठलेही चार-पाच नंबर निवडून उलटा फोन लावायची आणि पेशंटलाच बोलायला लावायची. आज काय खाल्लंस, झोप लागली का, लघवीचा रंग काय. बोलणारा नवरा किंवा सासू असली तर त्याच दिवशी दारात जायची. आठवड्याची समोरची गोळी तिनं परत कुणालाच माफ केली नाही. लोक चिडले. दोघांनी केंद्रच बदललं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी सौंदर्या केंद्रावर आली. संघप्रियाला वाटलं, घरातल्या सगळ्यांची तपासणी राहिली आहे म्हणून आली असेल. तपासणी तर तिनं करून घेतलीच. तिला काही नव्हतं. पण ती उठली नाही.

"माझं लग्न मोडलं," ती म्हणाली. "मोडलं म्हणजे, मीच पाहुण्यांना सांगितलं, वहिनी कशानं गेली ते. मग ते परत आलेच न्हाईत."

"घरी काय म्हणाले?"

"आक्का बोलत न्हाई माझ्याशी. दादा बोलतो, पण डोळ्याला डोळा देत न्हाई." ती टेबलाच्या कडेकडं बघत होती. "तुमी जुलैत आलता तवा मी दारात हुते. मला ठाऊक हुतं वहिनीला काय झालंय. औषध संपलं असंल असं मला वाटलं. पण मी इचारलं न्हाई. माझ्यासाठी तिला धाडलं आन् मी इचारलं बी न्हाई."

संघप्रियानं तिला पाणी दिलं. बसम्मानं जिथं उभं राहून गोळ्या घेतल्या त्या जागेपासून दोन हातांवर ही पोरगी बसली होती.

पाणी पिऊन झाल्यावर सौंदर्यानं विचारलं, "बाई, तुमाला ऑर्कुट माहिताय?"

माहीत नव्हतं. पुढच्या शनिवारी सौंदर्या तिला राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत घेऊन गेली. प्लायवूडच्या खोपट्यात दोघी एका खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसल्या. सौंदर्यानं दाखवलं, इथं माणसं एकमेकांना लिहितात, गट करतात. कॉलेजांचे गट, फुटबॉलच्या तालमींचे गट, गावांचे गट. "इथं खोटं नाव घेता येतं," ती म्हणाली. "ज्याला बोळात यायची लाज वाटते तो हितं तरी इचारंल."

"खोट्या नावानं पोरी फसतात म्हणे."

"फसतात की. म्हणून उत्तर तुमच्या खऱ्या नावानं द्यायचं."

दोघींनी मिळून गट काढला. टीबी, कोल्हापूर, एवढंच नाव. पहिला महिना कुणी फिरकलं नाही. मग एकानं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून विचारलं, गोळ्या सुरू केल्यापासून लघवी लाल होते, किडनी गेली का. संघप्रियानं एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं की तो गोळीचा रंग आहे, घाबरू नका, बंद करू नका. त्या उत्तराखाली दुसऱ्यानं लिहिलं, मला पण तेच होतं, मी सहा महिने पूर्ण केले. संघप्रियानं ते तीनदा वाचलं. दहा वर्षं तिचे पेशंट एकाच फडताळासमोर एकामागून एक येऊन गेले होते, पण एकमेकांशी कधी बोलले नव्हते. मान खाली घालून यायचे आणि जायचे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यापर्यंत गटात दीडशे माणसं झाली. कितीतरी नुसती वाचणारी. शनिवारी दुपारी संघप्रिया राजारामपुरीत जायची, तिच्यासाठी कॅफेवाला कोपऱ्यातला कॉम्प्युटर ठेवायचा. गोळी-औषधाची उत्तरं ती देई आणि पत्ता विचारला की जवळचं केंद्र सांगे. गटाच्या भरवशावर मात्र तिनं एकही खूण वहीत केली नाही.

एका शनिवारी सौंदर्यानं तिच्यापुढं छापलेला कागद ठेवला. तिनं वहिनीबद्दल सगळं लिहिलं होतं. पाडव्यापासून ऑगस्टपर्यंत. मोरी, डबी, गजर, सगळं. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

"हे गटावर घालणार हाय. वहिनीच्या नावासकट."

संघप्रियानं वाचून कागद पालथा ठेवला. "पेशंटचं नाव आपण सांगत नाही. मेल्यावरही नाही."

"नाव न घातल्यावर ती कोण तरी एक बाई हुती, एवढंच राहील."

"तुझ्या दादाचं काय?"

"दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, घाल. दुकान बंद करून बसला दोन दिवस, पण घाल म्हणाला."

"मग एक माणूस राहिलं विचारायचं," संघप्रिया म्हणाली.

रविवारी ती पुन्हा संकेश्वरला गेली. गंगव्वा घरात एकटीच होती. वर्षाच्या आत ती फार म्हातारी दिसायला लागली होती. तिला वाचता येत नव्हतं. संघप्रियानं चटईवर बसून कागद मोठ्यानं वाचला. जिथं मराठी अडलं तिथं थांबली, सोपं करून सांगितलं. गजराचा भाग आला तेव्हा गंगव्वानं डोळ्याला पदर लावला. वाचून झाल्यावर तिनं विचारलं,

"हे कुठं लावायचं? देवळात?"

"तसं नाही. मशिनीवर. लांबची माणसं वाचतील. ज्यांना हा रोग झालाय, त्यांच्या घरचे वाचतील. तुम्ही नको म्हणालात तर नाव काढून टाकते."

"नाव ठेवा," गंगव्वा म्हणाली. "नाव दडवूनच तर गेली ती." मग तिनं कागदाकडं बोट केलं. "ह्यात एक राहिलंय. ती हितं माझ्यापुढं खोकत हुती. रातीची घामानं भिजायची. मी आई. मी इचारलं न्हाय काय झालंय. सर्दी म्हणले आन् काढा दिला. ते बी लिहा. आईनं इचारलं न्हाय, असं लिहा."

"गंगव्वा, तुमचा काय दोष त्यात? तुम्हाला सांगितलंच नव्हतं कुणी."

"दुसऱ्या आईला कळूदे की," ती म्हणाली. "म्हणून लिहा."

संघप्रियानं पिशवीतून पेन काढलं आणि कागदाच्या खालच्या मोकळ्या जागेत गंगव्वाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

सौंदर्यानं पुढच्या शनिवारी ते सगळं गटावर घातलं. आठवडाभर बरंच काही झालं. कुणी शिव्या घातल्या, घराण्याची अब्रू घालवली म्हणून. शाहूपुरीतल्या दोन गिऱ्हाइकांनी चन्नवीरच्या दुकानाची पायरी सोडली. आक्का लेकीशी बोलली नाही ती नाहीच. आणि गडहिंग्लजच्या बाजूच्या एका बाईनं खाली तीनच ओळी लिहिल्या. माझी सून महिनाभर खोकते. घरात सगळे सर्दी म्हणतात. थुंकी कुठं तपासतात?

तिनं आपला नंबरही दिला होता. संघप्रियानं कॅफेतूनच तो लावला.

"हॅलो," पलीकडून दबक्या आवाजात बाई बोलली. "कोण बोलतंय?"

"मी संघप्रिया कांबळे, टीबीच्या केंद्रातली. तुमची सून जवळ आहे का?"

"हाय की. सैपाक करतीय."

"तिला बोलवा," संघप्रिया म्हणाली. "मला तिच्याशीच बोलायचंय."